शाळापुस्तकापासून यंत्रशिक्षकापर्यंत

मराठी मुलाला नवे ज्ञान त्याच्याच भाषेत कसे द्यावे, हा प्रश्न आजचा नाही. 1822 साली मुंबईत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली, तेव्हा नव्या विद्यांची छापील मराठी पुस्तके जवळजवळ नव्हतीच. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली पंडितांच्या साहाय्याने ती बव्हंशी इंग्रजीवरून तयार झाली. भाषेची मोजदाद त्यानंतर झाली. 1829 साली पंडितांचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला, 1831 साली मोल्सवर्थचा सुमारे 40,000 शब्दांचा कोश आणि 1836 साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण. मोल्सवर्थच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या 60,000 च्या घरात गेली.

आज त्याच प्रश्नाचा नवा अध्याय सुरू आहे. अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता असावा, याचा अंदाज बांधण्यास शिकलेली संगणकप्रणाली म्हणजे भाषा-प्रतिमान. तिने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा प्रचंड आणि मराठीचा अल्प असतो. म्हणून तिला मराठीची दुसरी शिकवणी द्यावी लागते. पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' या उपक्रमातील अभ्यासकांनी 2022 साली 2 कोटी 48 लाख मराठी वाक्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि आधीच्या बहुभाषिक प्रतिमानाला तो वाचावयास देऊन 'महाबर्ट' घडविले. परंतु मराठी वाचता येणे वेगळे आणि विचारलेल्यास उत्तर देणे वेगळे. 2024 साली याच गटाने गूगलच्या 'जेमा' प्रतिमानाला इंग्रजीतून अनुवादित केलेल्या 52,000 सूचना व उत्तरांच्या जोड्या शिकविल्या. मूळ रचना तशीच ठेवून तिच्यावर थोडी नवी भर घालण्याची ही काटकसरीची रीत होती.

निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. प्रतिमानाची मराठी सुधारली, पण तर्कशक्ती काहीशी उणावली. शिवाय यांत्रिक कसोट्यांवर बऱ्याचदा गुण घटलेले दिसले, तर माणसांनी उत्तरे वाचून पाहिली तेव्हा अनेकदा नवेच प्रतिमान सरस ठरले.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील पहिली गोष्ट धोक्याची आहे. अडखळत बोलणाऱ्या शिक्षकाची चूक मुलाच्या लक्षात येते; ओघवत्या मराठीत सांगितलेले चुकीचे गणित मात्र ते निमूटपणे उतरवून घेते. शाळापुस्तकांच्या काळी पुस्तक व मूल यांच्यामध्ये पंतोजी उभा होता. यंत्राशी मूल एकटेच बोलते. दुसरी गोष्ट धीर देणारी आहे: मराठी बरी की वाईट, याचा अखेरचा निवाडा मराठी वाचणाऱ्या माणसाकडेच राहतो.

भोपाळकरांना हा निवाडा विशेष जपून करावा लागेल. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी येथे आली आणि तिच्याबरोबर नागपूरच्या कचेऱ्यांतील मराठी कुटुंबे आली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सने, म्हणजे आजच्या भेलने, आणखी काहींना आणले. त्या पिढीची नातवंडे-पतवंडे आज अयोध्या नगरासारख्या वसाहतींतून हिंदी वा इंग्रजी शाळांत जातात. शाळेच्या हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, घरच्या मराठीत दंड. तेथे 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, येथे थट्टा. तेथे 'संसार' म्हणजे जग, येथे प्रपंच. लिपी एकच असल्याने आपली मुले जशी येथे गोंधळतात, तसेच हिंदीचा भरणा अधिक असलेले यंत्रही गोंधळू शकते. घरातील आजी मुलाची चूक हसून सुधारते. यंत्राची चूक कोण सुधारणार?

आमच्या मते उपाय इतिहासातच आहे. अनुवादित पुस्तकांनी मराठी शिक्षणाचा आरंभ करून दिला. पण भाषेला स्वतःचा पाया दादोबांसारख्या, मराठीतच विचार करून मराठीविषयी लिहिणाऱ्यांनी दिला. यंत्रासाठीही अनुवादित जोड्यांवर थांबून चालणार नाही. मुलांनी खरोखर विचारलेले प्रश्न आणि जाणत्यांनी कारणासह, पायरीपायरीने दिलेली मूळ मराठी उत्तरे लिहिली गेली पाहिजेत. आपल्या घरांत निवृत्त शिक्षक आहेत, अभियंते आहेत. हे काम त्यांना संगणकशास्त्र न शिकताही करता येईल. ते न केल्यास आपल्या नातवंडांना मराठी शिकविणारे यंत्र येईलही, परंतु त्याच्या मराठीत आपल्या घरचा शब्द नसेल.