फॉर्डिंग्टनचे पाद्री आणि कणकवलीचे अप्पा

टोपलीचा संडास लहानपणी पाहिलेली मंडळी आपल्या मंडळात अजून आहेत. इथे इंग्लंडमध्ये साखळी ओढली की विषय संपतो, म्हणून हा प्रश्न फक्त आपल्याकडचाच, असे आम्ही समजत होतो. तो समज डॉर्सेटच्या एका पाद्रीबाबांची हकीकत वाचून गेला.

हेन्री मोल हे १८२९ पासून डॉर्चेस्टरला लागून असलेल्या फॉर्डिंग्टनचे धर्मोपदेशक. (टॉमस हार्डीचा मित्र होरेस हा त्यांचाच मुलगा.) १८४९ मध्ये आणि पुन्हा १८५४ मध्ये तिथल्या गरीब वस्तीत पटकी आली. जमीन राजघराण्याच्या जहागिरीची, म्हणून मोल यांनी थेट राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनाच पत्रे लिहिली. पुढे १८५९ मध्ये त्यांनी स्वतःच्या घराचा मैलाखड्डा बुजवला आणि घरच्यांच्या हाती बादल्या दिल्या! (घरच्यांनी काय म्हटले असेल, ते आपण समजू शकतो.) बादल्यांतला मैला बागेत चर खणून पुरला. तीन-चार आठवड्यांनी उकरून पाहतात तो मैल्याचा मागमूस नाही, नुसती माती. घाण कुजते ती पाण्यात. कोरडी माती ओल शोषते, वास दाबते आणि मैल्याचे खत करते, हे त्यांना उमगले. १८६० मध्ये त्यांनी पेटंट घेतले. लाकडी बैठक, खाली बादली, मागे चाळलेल्या मातीची पेटी. दांडी ओढली की मापात माती पडे.

ही पद्धत हिंदुस्थानातही पुष्कळ ठिकाणी वापरली गेली. पण बादली रिकामी कोणी करायची? आपल्याकडे त्याचे उत्तर जातीने आधीच ठरवून ठेवले होते.

ते उत्तर अप्पासाहेब पटवर्धनांना मान्य नव्हते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले. उच्चवर्णीय म्हणून ते नाकारले गेले. अप्पांनी अन्नत्याग सुरू केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात महात्माजींनीही उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पांनी खताचे संडास पसरवले. त्यांत दोन कप्पे असत. एक भरला की पाला-माती घालून बंद करायचा आणि दुसरा वापरायचा. महिनोन् महिने थांबून पहिला उघडला की हाती येते ते सोनखत. आमच्या मते मोल यांच्यापुढचे पाऊल हेच. जंतांची अंडी मातीत कित्येक महिने टिकतात, त्यांना तीन-चार आठवडे पुरत नाहीत. आणि मैला उचलायला माणूसच लागत नाही.

मोरीच्या पाण्याचा प्रश्न कोकणाने तर केव्हाच सोडवला होता. ते परसातल्या अळू-केळींना जाई.

माणसाकरवी मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा भारतात १९९३ मध्ये झाला. तो पुरला नाही, म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

आपल्यापैकी कोणाच्या आजोळी गोपुरी संडास होता काय? असल्यास आठवणी जरूर लिहून पाठवाव्यात.