विम्याच्या पहिल्याच यादीतून शेतमजूर का गळला?

अमेरिकेतल्या आरोग्यविम्याची चर्चा कन्नड तालुक्यातल्या पिशोरमध्ये कशाला, असे कोणीही विचारेल. आम्ही ती मुद्दाम करतो आहोत. आज आपल्यालाही सांगितले जाते की दवाखान्याची चिंता सोडा, कार्ड काढा, पॉलिसी घ्या. हा रस्ता ज्या देशाने आधी धरला, तिथे काय झाले हे आपल्या तरुणांना ठाऊक असले पाहिजे.

२०२४ साली अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्यविम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५ हजार डॉलरच्या पुढे गेला. मालक आणि कामगार मिळून हा पैसा भरतात. एवढे भरूनही बहुतेक पॉलिसींत आजारपणाचा सुरुवातीचा काही खर्च आधी स्वतः करावा लागतो, मग कंपनी हात सैल सोडते. कंपनीच्या यादीबाहेरच्या डॉक्टरकडे गेले तर बिल अंगावर. अनेक उपचारांना आधी कंपनीची परवानगी. आणि तरीही अडीच कोटींहून जास्त लोकांकडे विमाच नाही.

हे आपोआप घडलेले नाही. १९३५ साली रूझवेल्ट सरकारने सामाजिक सुरक्षा कायदा केला. म्हातारपणाचे पेन्शन आणि बेकारी भत्ता त्यात आला. डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढे आरोग्यविमा मात्र बाजूला ठेवला गेला. त्या कायद्यात काळा-गोरा असा भेद कुठेही लिहिलेला नव्हता. पेन्शन आणि बेकारी भत्त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले, एवढेच होते. पण त्या काळी बहुसंख्य काळे कामगार हीच दोन कामे करत होते! वर्णाचे नाव न घेता वर्णभेद पाळता येतो, तो असा. जातीचे नाव न घेता जात कशी पाळली जाते, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

पुढे दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर बंधन घातले. कामगार टिकवण्यासाठी कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या. विमा नोकरीला चिकटला तो कायमचाच. १९४५ साली ट्रुमन यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय विमा मांडला, तो पाडला गेला. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आले. २०१० च्या कायद्याने मेडिकेडचा विस्तार ठरला, पण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यांच्या मर्जीवर सोडला. आजही दहा राज्यांनी तो पूर्ण स्वीकारलेला नाही आणि त्यांतली बहुतेक दक्षिणेकडची, जुन्या गुलामगिरीच्या पट्ट्यातली आहेत. पहिल्या यादीत जो नव्हता, तोच आजही दाराबाहेर उभा आहे.

आता आपल्याकडे पाहू.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. कापड, अभियांत्रिकी, खनिज व धातू या उद्योगांपासून सुरुवात करावी, अशी ती योजना होती. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आज आपण ज्याला ईएसआय म्हणतो, त्याची मुळे बाबासाहेबांच्या मजूर खात्यात आहेत. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या पोरांच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो आणि घरादाराला उपचाराचा हक्क मिळतो. ही भीक नव्हे, कायद्याने मिळालेला हक्क आहे.

पण यादी नीट वाचा. हा कायदा कारखान्यांपासून सुरू झाला आणि हंगामी कारखाने त्यातून वगळले गेले. हंगामी म्हणजे कोणते? कायद्याच्या व्याख्येतच लिहिले होते: कापसाचे जिनिंग, साखर, गूळ वगैरे. म्हणजे मराठवाड्यातल्या माणसाला गावाजवळ जे कारखान्याचे काम मिळू शकत होते, नेमके तेच! ऊसतोड कामगार तर कारखान्याचा कामगारच मानला जात नाही. तो मुकादमाची उचल घेतो, नवरा-बायको मिळून एक कोयता होतात आणि फडावर आजारी पडले तर औषधाचा पैसाही उचलीच्या हिशोबात चढतो.

कोणी म्हणेल, कुठून तरी सुरुवात करावीच लागते. मान्य. म्हणूनच त्या कायद्याच्या कलम १(५) मध्ये औद्योगिक, व्यापारी आणि शेतीच्या आस्थापनांनाही हा कायदा लागू करता येईल, अशी तरतूद ठेवली होती. दुकाने, हॉटेले, सिनेमागृहे त्या दारातून आत आली. गावागावातल्या शेतमजुरासाठी मात्र ते दार उघडले गेले नाही. शेतमजूर म्हणजे कोण, हे कोणत्याही गावातल्या भूमिहीनांची यादी काढा, लगेच कळेल. अमेरिकेत १९३५ साली जे झाले, तेच इथे वेगळ्या नावाने झाले.

बाबासाहेबांचा विचार यापुढचा होता. १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे मांडले. तो आयुर्विम्याबद्दल होता, आरोग्यविम्याबद्दल नव्हता, हे खरे. पण त्यातले तत्त्व पाहा. प्रत्येक प्रौढ नागरिक म्हटल्यावर शेतमजूर आपोआप आत येतो. जोखीम सगळ्यांनी मिळून वाटायची आणि नफेखोराला मध्ये येऊ द्यायचे नाही. १९९९ च्या कायद्यानंतर विम्याचा बाजार खासगी कंपन्यांना खुला झाला. हे त्या तत्त्वाच्या बरोबर उलटे पाऊल होते.

महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ साली कुटुंबामागे मर्यादा पाच लाख ठरली. मोठ्या शस्त्रक्रियेत या कार्डाने माणसे वाचली आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण कार्ड चालते ते भरती झाल्यावर, यादीतल्या उपचाराला, यादीतल्या रुग्णालयात. बीपी-शुगरची रोजची गोळी, बाहेरून केलेली तपासणी, बुडालेली मजुरी, पिशोरहून संभाजीनगरपर्यंतच्या गाडीचे भाडे यांतले काहीच त्यात बसत नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला. गरीब माणूस मोडतो तो बहुतेकदा याच फुटकळ खर्चाने.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलेच झाले. पण घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे आहे, ते या निर्णयाबाहेर राहिले. पुन्हा यादी, पुन्हा वगळणे.

म्हणून तरुणांनो, कार्ड जरूर काढा, पण कार्डावर समाधान मानू नका. ग्रामसभेत, तहसीलवर, आमदारासमोर मागण्या स्पष्ट ठेवा. शेतमजूर आणि ऊसतोड कामगारांना ईएसआयसारखा कायदेशीर हक्क द्या. त्यांच्या वाट्याची वर्गणी कारखाने आणि सरकारने भरावी. ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरवता येते, तर हेही ठरवता येईल. ग्रामीण रुग्णालयात पूर्ण वेळ डॉक्टर, औषधे आणि तपासण्या द्या. कोणी पैसे देऊ शकत नाही म्हणून त्याला उपचार नाकारले जाऊ नयेत, हे भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले आहे.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी रोग्याला उचलून दवाखान्यात नेले, तेव्हा त्याचे नाव कोणत्या यादीत आहे हे विचारले नाही. फुल्यांचे नाव कार्डावर छापणाऱ्या सरकारला हीच कसोटी लावली पाहिजे.

जय भीम!