अख्खा मुर्ग आणि खरवडीचे सालन

इतिहासाच्या पुस्तकांत आम्हाला अख्खा मुर्ग भेटतो तो सुलतान-बादशहांच्या दस्तरखानावर. आमच्या घरी तो भेटला चुलीवरच्या जाड बुडाच्या पातेल्यात. पहिल्याची नोंद झाली, दुसऱ्याची झाली नाही.

माळव्याचा सुलतान गियासशाह १४६९ साली मांडूच्या तख्तावर बसला. त्याच्या आवडीच्या पाककृती ‘निमतनामा’ या ग्रंथात उतरवल्या गेल्या. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यातल्या चित्रांत सुलतान बसलेला दिसतो आणि भोवती स्त्रिया रांधताना, वाढताना दिसतात. सुलतानाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाही.

पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्याचा हिशेब मांडला. त्यात ‘मुसम्मन’ नावाचा पदार्थ आहे. मुर्ग अख्खा ठेवून मानेवाटे त्याची सारी हाडे काढायची. सोबत अर्धा शेर खिमा, अर्धा शेर तूप, पाच अंडी, पाव शेर कांदा. शिवाय आले, धणे, मिरे, केशर. एका पक्ष्याला अर्धा शेर तूप! हे वाचून आमच्या दादीने कपाळावर हात मारला असता.

अरबीतल्या ‘मतबख’चा मराठी दफ्तरांत ‘मुदबख’, ‘मुदपाक’ झाला. शब्द दरबारातून दरबारात गेला. घरच्या चुलीवरची रीत मात्र सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे तोंडीच गेली. म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

घरात तंदूर नव्हता, ओव्हनचा तर प्रश्नच नव्हता. अंडी देणारी कोंबडी कापणे परवडत नसे आणि जून कोंबडी अख्खी भाजली तर चामड्यासारखी होई. म्हणून निवड व्हायची ती कोवळ्या नराची किंवा तलंगेची. साफ केल्यावर पक्षी जेमतेम पाऊण किलोचा भरे. त्याला चिरा देऊन आले, लसूण, मीठ, हळद, तिखट नि दही चोळून तासभर ठेवायचे. पातेल्यात पळीभर तेल तापले की तो चारी अंगांनी तांबूस परतायचा. मग झाकण घालून खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. कोवळा पक्षी पाऊण तासात आपल्याच रसात शिजे. मांडीच्या सांध्याशी टोचल्यावर गुलाबी पाणी न येता स्वच्छ रस आला की तो बाहेर काढायचा.

खरी हुशारी त्यानंतरची. पातेल्याच्या तळाला मसाल्याची खरवड धरलेली असे. त्याच चरबीत बारीक चिरलेला कांदा लाल करायचा, दोन वाट्या गरम पाणी ओतायचे आणि उलथन्याने तळ खरवडून घ्यायचा. एक उकळी आली की सालन तयार. खरवड करपली असेल तर मात्र सालन कडू होते. म्हणून पातेल्यावरची नजर हटवायची नाही, ही ताकीद आम्ही लहानपणापासून ऐकली.

१९७०च्या दशकापासून पुण्या-मुंबईकडे कुक्कुटपालनाचा व्यवसाय वाढत गेला. ब्रॉयलर कोंबडी बारमाही मिळू लागली, गॅस आला, निखारे गेले. ब्रॉयलरला पाणी जास्त सुटते, म्हणून आता झाकण काढून ते आटवावे लागते. खरवड मात्र आजही तळाला धरतेच.

एका पाऊण किलोच्या पक्ष्यावर दहा माणसे कशी जेवत, याचे उत्तर त्या सालनात आहे. तंगड्या पाहुण्यांना आणि घरातल्या पुरुषांना. छातीचे तुकडे मुलांना. मान, पंख आणि उरलेले सालन बायकांना, तेही सगळ्यांचे आटोपल्यावर. दादी शेवटी भाकरीच्या तुकड्याने पातेले पुसून घेई आणि म्हणे, खरी चव तर तळाशीच असते. आम्ही हसायचो. तिच्या वाट्याला तळच येत होता, हे कळायला आम्हाला फार वर्षे लागली.

आज आमच्या घरी पातेले उघडले की पहिली तंगडी रांधणारीच्या ताटात पडते. रीत तीच ठेवली, वाटणी बदलली.