एनफील्ड रायफल, काडतूस आणि १८५७ : पाठ्यपुस्तकातील एका वाक्याची फेरतपासणी

१८५७ च्या उठावाच्या तात्कालिक कारणाविषयी पाठ्यपुस्तकांत एक वाक्य ठरलेले असते. नव्या काडतुसांना गायीची व डुकराची चरबी लावलेली होती, म्हणून शिपाई बिथरले. विद्यार्थी ते पाठ करतात आणि आपण गुण देतो. हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही, परंतु वर्गात ते जितक्या निश्चितपणे सांगितले जाते तितका पुरावा त्यामागे नाही.

मुळात प्रश्न शस्त्रबदलाचा होता. कंपनीच्या शिपायाकडील बंदुकीची नळी आतून गुळगुळीत व सुमारे ०.७५ इंच व्यासाची असे. शंभर यार्डांपलीकडे तिचा नेम बेभरवशाचा होता. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल ०.५७७ इंचाची होती व तिच्या नळीत तीन पेचदार खाचा होत्या. त्यामुळे कित्येक शे यार्डांवर मारा शक्य झाला. खाचांच्या नळीत गोळी घट्ट बसावी लागते, आणि दारूची काजळी साचल्यावर ती गजाने खाली रेटणे कठीण जाते. म्हणून काडतुसाच्या कागदाला गोळीच्या बाजूने वंगण लावीत. कागदाचे टोक दाताने तोडणे ही जुनीच कवायत होती, वंगण मात्र नवे होते. (काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, उर्दूतील कारतूसही त्याच कुळातला.)

या वंगणाबाबत डिसेंबर १८५३ मध्येच बंगाल सैन्याचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लेखी इशारा दिला होता. शिपायांच्या धर्मभावना दुखावणार नाहीत असेच वंगण असावे, असे त्यांचे म्हणणे होते. तो कागद दप्तरात पडून राहिला. जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथे एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने नकार देताच, लवकरच दाताने चरबी तोडावी लागेल तेव्हा ही जात कुठे राहील, असे त्याने सुनावले. चौकशीत तोफखाना खात्याला एवढेच सांगता आले की कंत्राटदाराची चरबी कोणत्या जनावराची आहे हे तपासलेच नव्हते. तेव्हा गायीच्या चरबीची शक्यता मान्य करावी लागते, डुकराच्या चरबीबाबत मात्र निश्चित पुरावा नाही.

यानंतर सरकारने सवलती दिल्या. बाजारातून आपले वंगण आणावे, दाताऐवजी बोटांनी कागद फाडावा, असे सांगितले. पण संशय अधिकच वाढला. काही दोष नव्हता तर कवायत का बदलली?

पुढची गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. २६ फेब्रुवारीला बऱ्हामपूर येथे १९ व्या पलटणीने नाकारलेली काडतुसे एनफील्डची नव्हतीच. मेरठला २४ एप्रिल रोजी तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी जी नाकारली, तीही जुन्याच प्रकारची होती. या ८५ जणांत निम्म्याहून अधिक मुसलमान होते. ९ मे रोजी साऱ्या लष्करासमोर त्यांना बेड्या ठोकण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशी उठाव झाला. म्हणजे वस्तू जुनी, भीती नवी. 'अंधश्रद्धाळू शिपाई' असे म्हणून इथे हात झटकणे मला पटत नाही. ज्या सरकारवरचा विश्वास उडाला आहे, त्याच्या हातचा साधा कागदही संशयास्पद ठरतो.

सर सय्यद अहमद खान यांनी 'असबाबे बगावते हिंद'मध्ये जवळपास हेच पाहिले. मेरठची शिक्षा त्यांनी अनुचित ठरवली, पण मूळ कारण कायदेमंडळात हिंदी माणसाला स्थान नव्हते हे मानले. मराठीत वरसईच्या गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये महूच्या परिसरात शिपायांकडून ऐकलेली काडतुसांची हकीकत नोंदवली आहे. ती इतिहासापेक्षा अफवेचा प्रवास कळण्यासाठी अधिक उपयोगी आहे.

उठावानंतर काय झाले, हे शस्त्रांच्या इतिहासकारांनी नोंदवले असले तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. हिंदी पलटणींसाठी एनफील्डच्याच घडणीची, पण खाचा नसलेली, ०.६५६ इंच नळीची बंदूक मुद्दाम बनवून घेण्यात आली. दिसायला रायफलसारखी, माऱ्याला मात्र जुन्या बंदुकीसारखी. पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा हिंदी शिपायांच्या हाती त्यांनी टाकलेली स्नायडर आली.