बोल आणि बाजार

लोकप्रियतेने कलेचा आशय बुडविला, ही तक्रार प्रत्येक पिढीत ऐकू येते. अमेरिकेतील हिपहॉप संगीताविषयी तर ती नित्याचीच झाली आहे. पूर्वी या गाण्यांत समाजाचे दुःख होते, पुढे बाजार आला आणि बढाई व बंदूक तेवढी उरली, असे म्हणतात. इतिहास मात्र इतका सरळ नाही.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, सिंडी कॅम्बेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून एक नाचगाण्याची मेजवानी भरविली. ध्वनिमुद्रिका वाजविल्या तिच्या भावाने, म्हणजे जमैकात जन्मलेल्या कूल हर्कने. हिपहॉपचा जन्म तेथला मानतात. तेव्हा जन्म झाला तो आनंदात, उपदेशात नव्हे. १९७९ मध्ये गाजलेले ‘रॅपर्स डिलाइट’ हेही हसत-खेळत मारलेल्या बढाईचेच गाणे होते.

मग १९८२ साली ‘द मेसेज’ आले. मोडकळीस आलेल्या वस्तीचे, कोंडलेल्या जिण्याचे ते चित्र. त्यावर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या मंडळींचे. पण रचना मुख्यतः एड फ्लेचर आणि मेली मेल यांची. स्वतः फ्लॅश नाखूश होता. दिवसभर दारिद्र्य भोगणारी माणसे रात्री नाचायला येतात. त्यांना पुन्हा तेच कोण ऐकवील? आग्रह धरला तो मुद्रिका विकणाऱ्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी! कलावंत श्रोत्याला भ्यायला आणि व्यापाऱ्याने त्याच्यावर विश्वास टाकला. गाणे खपले, आणि २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहाच्या पहिल्याच यादीत त्याला स्थान मिळाले.

याचा अर्थ बाजार निर्दोष आहे, असा नव्हे. १९८७ मध्ये स्कॉट ला रॉक हा तरुण कलावंत गोळीला बळी पडला. त्याचा सोबती केआरएस-वन याने इतरांना जमवून १९८९ मध्ये हिंसेविरुद्ध ‘सेल्फ डिस्ट्रक्शन’ काढले आणि त्याचे उत्पन्न नॅशनल अर्बन लीग या संस्थेस दिले. परंतु १९९२ च्या ‘द क्रॉनिक’च्या यशानंतर कंपन्यांचा ओढा टोळीजीवनाच्या गाण्यांकडे वाढला. १९९६ च्या कायद्याने एका मालकाने देशभर किती रेडिओ केंद्रे ठेवावीत याची मर्यादा उठविली आणि केंद्रे थोड्या हातांत गेली. निवड करणारे थोडे झाले की आवडही एकसुरी दिसू लागते.

तरीही १९९९ मध्ये लॉरिन हिलच्या संग्रहाला वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचे ग्रॅमी मिळाले. केन्ड्रिक लमारचे ‘ऑलराइट’ २०१५ मध्ये पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या मोर्चांत गायिले गेले आणि २०१८ मध्ये त्याच्या ‘डॅम’ला पुलित्झर पारितोषिक लाभले. ही सारी गाणी लाखोंनी ऐकली.

म्हणून भांडण लोकप्रियतेशी नाही. ‘लोकांना हेच हवे’ असे लोकांना न विचारताच ठरविणाऱ्याशी आहे. १९८२ मध्ये ती चूक एका थोर कलावंताच्याही हातून होता होता राहिली. मग इतरांची काय कथा!