सात पापांची कुळकथा

गर्व, मत्सर, क्रोध, आळस, लोभ, खादाडपणा, कामवासना. ख्रिस्ती जगातली ही सात महापापे दान्तेच्या महाकाव्यातही भेटतात. बायबलमध्ये मात्र ही यादी या रूपात कुठेच नाही. तिचे मूळ चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात, इव्हाग्रिअस नावाच्या संन्याशाकडे जाते.

काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रांतात 345च्या सुमारास तो जन्मला. कॉन्स्टँटिनोपलला धर्मवादात त्याने नाव कमावले. तिथेच एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीवर त्याचे मन जडले, आणि तो शहर सोडून जेरुसलेमला निघून गेला. तिथे मठ चालवणाऱ्या मेलानियाने त्याला संन्यासाची वाट दाखवली. पुढे इजिप्तमधल्या केलिया या संन्याशांच्या वस्तीत पोथ्यांच्या नकला करून तो पोट भरत असे. 399 मध्ये तो वारला.

वाळवंटात मोहाच्या वस्तू नव्हत्या, तरी मोह सुटत नव्हते. इव्हाग्रिअसने त्यांचे आठ ‘विचार’ नोंदले: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. यातल्या कंटाळ्याचे त्याने केलेले वर्णन अप्रतिम आहे. सकाळी दहाच्या सुमारास तो संन्याशाला गाठतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. जेवणाची वेळ दुपारी तीनची. ती किती दूर आहे, हे बघायला माणूस सारखा खिडकीशी जातो. मग ही जागा नको, हे काम नको, इथे कुणाचे प्रेम उरले नाही, असे वाटू लागते. असे विचार येणे आपल्या हाती नसते, पण त्यांना थारा द्यायचा की नाही हे आपल्या हाती असते, असे तो सांगे. त्याची यादी म्हणजे मनाचे निदान होते.

जॉन कॅसिअनने हे आठही गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये नेले. इव्हाग्रिअसचे नाव मात्र त्याने कुठेच घेतले नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने गर्वाला सर्वांचे मूळ ठरवून वेगळे काढले, कंटाळा खिन्नतेत मिसळला, मत्सराची भर घातली आणि सात उरले. पुढे खिन्नतेची जागा आळसाने घेतली आणि कीर्तीच्या हावेच्या जागी गर्व यादीत परतला.

दरम्यान इव्हाग्रिअस पाखंडी ठरला होता. त्याचे काही लेखन सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांतून वाचले. प्रार्थनेवरचे पुस्तक तर नायलस या दुसऱ्याच संताच्या नावावर टिकले. निदानाचे पुढे आरोपपत्र झाले, हे त्या यादीचे नुकसानच. शंभर छोट्या परिच्छेदांचे त्याचे ‘प्राक्टिकोस’ आजही उपलब्ध आहे. सात पापांवर बोलण्याआधी ते जरूर वाचावे.