पहिल्या भेटीआधीची भेट

मानसोपचाराला आलेला माणूस दोन-तीन भेटींनंतर फिरकतच नाही, ही तक्रार या व्यवसायाइतकीच जुनी. फ्रॉइडचा तिच्यावरचा तोडगा रोखठोक होता. 1913 सालच्या एका लेखात त्याने लिहून ठेवलं, की रुग्णाचा तास ठरलेला. तो आला नाही तरी त्या तासाची फी त्याने मोजायची. (व्हिएन्नातल्या खात्यापित्या घरांना हे परवडत असावं.) रुग्णाला द्यायची सूचनाही त्याच लेखात आहे: आगगाडीत खिडकीपाशी बसलेला प्रवासी आतल्या सोबत्याला बाहेर दिसेल ते सांगत जातो, तसं मनात येईल ते बोलत राहा. शिकल्यासवरल्या रुग्णांचं एवढ्यावर भागत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कष्टकरी माणसंही मानसोपचाराच्या क्लिनिकांत येऊ लागली, आणि तिथे ते भागेना. 1958 मध्ये हॉलिंग्सहेड आणि रेडलिक यांनी न्यू हेवन शहराची पाहणी छापली. संवादातून होणारा उपचार मुख्यतः वरच्या वर्गाला मिळतो, गरिबाच्या वाट्याला शॉक, औषधं किंवा नुसता इस्पितळातला मुक्काम येतो, असं तिच्यात दिसलं. 1963 मध्ये ओव्हरऑल आणि अ‍ॅरनसन यांनी गरीब रुग्णांना पहिल्या भेटीआधीच विचारलं, तुमची अपेक्षा काय? डॉक्टर तपासतील, सल्ला देतील, काय करायचं ते सांगतील, अशी बऱ्याच जणांची समजूत होती. ज्यांची अपेक्षा आणि अनुभव यांत सर्वांत जास्त अंतर पडलं, तेच जास्त करून परत आले नाहीत. तोवर अशा माणसावर ‘उपचाराची इच्छा नाही’ असा शेरा मारून फाइल बंद करण्याची सोय होती. माझ्या मते या कथेतलं खरं वळण म्हणजे 1963 चा हा निष्कर्ष. खेळाचे नियम एकालाच ठाऊक होते, आणि हरल्याचा ठपका मात्र दुसऱ्यावर.

ते नियम आधीच सांगून टाकावेत, ही कल्पना मार्टिन ऑर्नची. ऑर्न संमोहनाचा अभ्यासक. प्रयोगशाळेत आलेला माणूस आपल्याकडून काय अपेक्षित आहे याचा अंदाज बांधून तसा वागतो, हे त्याने दाखवून दिलं होतं. क्लिनिकात तर रुग्णाला अंदाज बांधायलाही काही हाताशी नसतं. म्हणून उपचाराआधी घ्यायच्या मुलाखतीचा आराखडा त्याने बनवला. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जेरोम फ्रँकच्या चमूतल्या रुडॉल्फ होन-सारिच आणि सहकाऱ्यांनी तो पडताळला आणि 1964 मध्ये निष्कर्ष छापले. नाव पडलं ‘रोल इंडक्शन इंटरव्ह्यू’, म्हणजे रुग्णाला त्याची भूमिका समजावून देणारी मुलाखत. 40 रुग्ण घेतले. निम्म्यांना ही मुलाखत, निम्म्यांना नाही.

तिच्यात चार गोष्टी असत. थेरपी म्हणजे काय; तुम्ही काय करायचं आणि डॉक्टर काय करतील; वाटेत काय काय घडेल; आणि साधारण चार महिन्यांत फरक जाणवेल. तिसरा भाग मला सर्वांत हुशार वाटतो. एखाद्या दिवशी यायचं अगदी जिवावर येईल, उशीर होईल, डॉक्टरांचा रागही येईल. तेव्हा काहीतरी महत्त्वाचं वर येतंय असं समजा आणि या. म्हणजे उपचार सोडून जाण्याची ऊर्मी ही उपचाराचाच भाग म्हणून आधीच सांगून ठेवलेली. तयारी करून घेतलेल्यांची हजेरी चांगली राहिली, सुधारणाही जास्त दिसली.

1970 मध्ये स्लोन आणि सहकाऱ्यांनी मुलाखतीचे धागे सुटे करून पाहिले. थेरपी समजावून सांगितल्याचा थोडा, पण खरा फायदा झाला. ‘चार महिन्यांत बरं वाटेल’ या नुसत्या आश्वासनाचा काहीच नाही. दरम्यान ट्रुअक्सने नव्या रुग्णांना गटोपचारातले नमुने टेपवर ऐकवायला घेतले होते. 1973 मध्ये स्ट्रुप आणि ब्लॉक्सम यांनी कामगारवर्गातल्या रुग्णांसाठी खास फिल्मच केली, आणि तिचाही उपयोग झाला. माणूस लागत नाही, म्हणून स्वस्तही.

गळती तरीही थांबलेली नाही. स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनी 2012 मध्ये 669 अभ्यास एकत्र केले, तेव्हा जवळपास पाचातला एक जण थेरपी अर्धवट सोडताना आढळला. त्यावर जे उपाय सुचवले जातात, त्यांत बॉल्टिमोरची ती मुलाखत अजून आहे. फक्त तिच्यासाठी आता वेगळा डॉक्टर लागत नाही. पहिल्याच भेटीत थेरपिस्ट स्वतः हे सगळं सांगून टाकतो.